बांबूची गॅलरी

"ह्यात माझी पायरी कुठं हाय ती दाव," दत्ता पैलवान म्हणाले आणि त्यांनी आपलं जाडजूड बोट नकाशावर टेकवलं. त्या बोटाखाली अर्धं मैदान झाकलं गेलं.

"पायरीच न्हाई म्हटल्यावर दावू कुठनं?" आमचे मामा म्हणाले. "खुर्च्या येणार खुर्च्या. पाठ टेकायची सोय असलेल्या."

"मी मॅच बघायला जातो का दाढी करायला?"

सगळी बैठक हसली. मामा हसले नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव इंगवले, बुरूज तालीम मंडळाचे अध्यक्ष. तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते. कोल्हापुरात मात्र पेठेतल्या तालमीची फुटबॉलची टीम असते आणि त्या टीमपायी सख्खे भाऊ महिना महिना बोलत नाहीत. हे मला लग्न होऊन इथे आल्यावर कळलं. मी मिरजेची. माझ्या माहेरी फुटबॉल म्हणजे पेपरच्या शेवटच्या पानावरची, न वाचता घडी घालायची बातमी होती.

त्या दिवशी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, तालमीची जाणती माणसं जमली होती. बुरुजाचं मैदान तालमीचं स्वतःचं. त्याच्या पश्चिमेला जुन्या दगडी पायऱ्या होत्या, त्या काढून तिथे छप्पर असलेली मोठी गॅलरी बांधायची असं मामांच्या डोक्यात होतं. मंजुरी आली होती, पैशाची सोय लागली होती. फक्त तालमीचा होकार बाकी होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

मामांचं म्हणणं साधं होतं. पायऱ्या खचल्यात, बाहेरगावची टीम आली की पोरं समोरच्या सलूनमध्ये कपडे बदलतात, लोक हसतात आपल्याला. दत्ता पैलवानांचंही साधंच होतं. त्यांचे वडील ज्या पायरीवर बसायचे तिच्यावर ते बसतात, ते तिच्यावर बसल्याशिवाय बुरूज तालमीनं एकही फायनल जिंकलेली नाही. शिवाय गोल झाल्यावर खुर्चीवरून उडी कशी मारायची, हलगी कुठे वाजवायची, हेही प्रश्न होतेच.

"आणि ही गॅलरी किती उंच हाय म्हणायची?" कुणीतरी विचारलं.

"बरीच हाय," मामा म्हणाले.

"बरीच म्हंजे?"

मामांनी नकाशा उचलून लांब धरला, जवळ धरला. तो उलटा धरलाय हे मला दारातूनच दिसत होतं. मी पॉलिटेक्निकमध्ये नकाशे काढायला शिकले होते आणि लग्नाआधी दोन वर्षं एका आर्किटेक्टकडे तेच काम करत होते. चहाचे कप ठेवता ठेवता मी नकाशाकडे एक नजर टाकली. छपराची उंची वाचली, आमची मागची गल्ली कुठे येते ते पाहिलं आणि रिकामा ट्रे घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

आत आत्ती चहाचं दुसरं आधण ठेवत होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अक्काताई.

"आत्ती, त्या गॅलरीचं छप्पर आपल्या गच्चीच्या वर जातंय."

"किती वर, शैला?"

"तुमचा उदय माझ्या खांद्यावर उभा राहिला तरी मैदान दिसायचं नाही, इतकं."

"त्या घोड्याला तू कशाला खांद्यावर घ्यायलीस," आत्ती म्हणाल्या. मग चहापूड टाकत, "म्हंजे काय दिसणार न्हाई म्हण की."

"काहीच नाही. नुसता पत्रा दिसेल."

त्यांनी साखर घातली, ढवळत राहिल्या. मला मात्र राहवेना. कारण गच्चीवरच्या आत्ती मी पाहिल्या होत्या.

आमचं घर मैदानाच्या मागच्या गल्लीत. मॅचच्या दिवशी आमच्या गच्चीवर आणि शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर पेठेतल्या बायका जमायच्या. भडंगाचं पातेलं, शेंगा, थर्मासमधला चहा. बाकीच्या बायका बोलायच्या, विणकाम करायच्या. आत्ती मात्र कठड्याला धरून उभ्या. शिट्टी झाली की घरातल्या सौम्य, हळू बोलणाऱ्या बाईच्या अंगात कोण संचारायचं देव जाणे. "अरे बगलेतनं घाल की! डोळं फुटलं काय रेफ्रीचं! उदय, मागं ये, मागं ये!" उदय म्हणजे माझा नवरा, टीमचा लेफ्ट बॅक. त्याला यातलं एक अक्षर ऐकू जात नसे. आवाज गल्लीच्या अर्ध्यावर पडायचा, वर हलगीचा दणका. त्या तीस वर्षं अशाच ओरडत होत्या, लग्न होऊन आल्यापासून.

खाली मैदानात बायका जात नसत. बंदी कुणी घातली नव्हती, गेटवर तशी पाटीही नव्हती. जात नसत, एवढंच. मी एकदा विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, "गच्चीवरनं दिसतंय की झकास. खाली त्या गोंधळात कशाला?"

"मी मामांना सांगते," मी म्हणाले. "त्यांच्या लक्षातच आलं नसेल."

"काय सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय."

"अहो, पण तुमची मॅच जाईल ना!"

"तीस वर्षं त्या माणसाकडं मी काय मागितलं न्हाई. आता काय फुटबॉल मागू?" आत्तींनी कपात चहा गाळला. बाहेरून आवाज वाढला होता. दत्ता पैलवान म्हणत होते, उंची किती ते कळल्याबिगर माझा हात वर जाणार न्हाई. आत्तींनी कान दिला. मग ट्रे माझ्या हातात देत म्हणाल्या, "एक काम कर. चा देता देता म्हण, नकाशा कळत न्हाई तर मांडव घालून बघा. गणपतीला घालता तसा. गॅलरीएवढा."

"मी म्हणू?"

"तू शिकलेली हाईस. तुझं ऐकतील."

मी बाहेर गेले आणि म्हणाले. मग जो कल्ला झाला! बुरूज तालमीची पोरं गणपतीत अख्खा किल्ला उभा करतात, त्यांना गॅलरी म्हणजे काय? बांबू तालमीतच पडलेत, वासे, फळ्या, कापड सगळं आहे. येत्या रविवारी पिंपळ तालमीशी मॅच. त्याच्या आत मांडवाची गॅलरी उभी करायची, तिच्यात बसून मॅच बघायची आणि मॅच संपल्यावर मैदानातच हात वर करून निकाल लावायचा. मामा खूश, कारण एकदा सावलीत बसले की लोक विरघळणार. दत्ता पैलवानही खूश, कारण एकदा फळीवर बसले की लोकांना पायरी आठवणार. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. महिनाभरात पहिल्यांदा दिली असेल.

"सूनबाईचं डोकं चालतंय हं, रंगराव," दत्ता पैलवान म्हणाले. मी आत बघितलं. आत्ती पोळपाट पुसत होत्या.

मला त्यांचा डाव कळला, असं मला वाटलं. बोलून दाखवण्याऐवजी डोळ्यांसमोर आणायचं. मांडव उभा राहिला की गच्च्या झाकणार, गल्लीतल्या बायका बोंब मारणार, घराघरात नवऱ्यांची खरडपट्टी निघणार आणि गॅलरी आपोआप रद्द होणार. मी मनात म्हटलं, सासूबाई दिसतात त्यापेक्षा पोचलेल्या आहेत.

बुधवारपासून बांबू उभे राहू लागले. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूचे शेंडे दिसले, मग आडवे वासे आले, मग शनिवारी पोरांनी वर पिवळं आणि मागून निळं कापड ताणलं. खिडकीतला उजेड गेला. मी भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या केल्या. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. समोर निळं कापड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मैदान नावाची काही वस्तू तिथे होती यावरही विश्वास बसू नये.

शेजारच्या गच्चीवर ताराक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अक्काताई, हे काय गं बाई? तुझ्या नवऱ्याला सांग की काय तरी!"

"बघू," आत्ती म्हणाल्या.

"अगं बघू काय? काय दिसंल तर बघशील न्हवं?"

आत्ती हसल्या. मला त्यांच्या हसण्याचं नवल वाटलं. इतकं शांत राहणं मला जमलं नसतं. मी आल्या दिवसापासून बोलून मोकळी होणारी, आणि त्या रात्री तर मी उदयचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, "आई काय बोलली न्हाई तर तू कशाला बोलायलीस? आणि उद्या मॅच हाय, मला झोपू दे."

रविवारी जेवणं उरकली. मामा दुपारीच कडक इस्त्रीचा शर्ट घालून मैदानात गेले होते. मी भडंगाला फोडणी द्यायला घेतली तशा आत्ती आतल्या खोलीतून आल्या. अंगावर लग्नाकार्यातली हिरवी इरकली, पायात चपला.

"ते ठेव. चप्पल घाल."

"कुठे जायचंय?"

"मॅचला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या पायऱ्या उतरून गल्लीत गेल्या आणि तोंड वर करून त्यांनी हाक मारली. गच्चीवरून रेफ्रीला मारायच्या तीच हाक. "ताराक्का! चल गं! काय करतीस वर, कापडाला बघत?"

ताराक्का आल्या. त्यांच्या दोघी सुना आल्या. पलीकडच्या गच्चीवरच्या आल्या, गल्लीच्या टोकाच्या आल्या. कुणी हातातली शेंगांची पिशवी तशीच घेऊन आली. आम्ही मैदानाच्या गेटपाशी पोचलो तेव्हा चांगला घोळका झाला होता. काही जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी आत्तींच्या आडोशाने चालत होते, खोटं कशाला बोलू.

गेटवर पांडबा तिकिटं फाडत होते. त्यांनी आत्तींना पाहिलं आणि लगबगीने पुढे आले.

"वैनी, डबा द्यायचा हाय का? द्या, मी पोचिवतो अध्यक्षास्नी."

"डबा न्हाई. मॅच बघायची हाय."

"मॅच?" पांडबांनी आमच्या मागच्या गर्दीकडे पाहिलं. "अवो, गच्चीवरनं..."

"गच्चीवरनं दिसत न्हाई. अध्यक्षांनी मांडव घातलाय."

आत्तींनी सगळ्यांची तिकिटं काढली, पांडबांपुढे धरली आणि त्यांनी ती एकेक करून फाडली.

मांडवाच्या गॅलरीत मामा सगळ्यात पुढे, पाहुण्यांच्या शेजारी बसले होते. आम्हाला बघून ते उठले. टोपी काढली, परत घातली. "काय गं? घरात काय झालं काय?"

"काय न्हाई झालं. सरका जरा."

ते सरकले. त्यांच्यामागची माणसं सरकली, त्यांच्यामागची वरच्या फळीवर गेली. बायका बसल्या. एवढ्या गर्दीच्या मैदानात क्षणभर हलगीसुद्धा थांबली होती. मग खालून, आमच्या पायांखालून, एक आवाज आला.

"काय झालं रं? हलगी का थांबली?"

मी फळ्यांच्या फटीतून वाकून पाहिलं. दत्ता पैलवान खाली अंधारात आपल्या दगडी पायरीवर मांडी घालून बसले होते. मांडव त्यांच्या पायरीवरच उभा केला होता, पण ते जागा सोडायला तयार नव्हते. त्यांना समोर फक्त लोकांच्या पोटऱ्या दिसत असणार.

"बायका आल्यात, पैलवान!" कुणीतरी वरून सांगितलं.

"कुणाच्या?"

"आपल्याच!"

"आल्यात ते बरं झालं," पैलवान म्हणाले. "वैनी आमच्या बाजूच्या हाईत."

मॅच सुरू झाली. मला तेव्हा ऑफसाइड कळत नव्हता, आजही धड कळत नाही. पण गच्चीवरून मुंग्यांसारखी दिसणारी माणसं इथे धापा टाकताना ऐकू येत होती, माती उडत होती, बूट बुटावर आपटल्याचा आवाज येत होता. आत्ती गप्प बसल्या होत्या. फळीच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला वाटलं, इथे इतक्या माणसांत त्या ओरडणार नाहीत.

मग पिंपळ तालमीचा एक पोरगा डावीकडून बॉल घेऊन सुटला.

"उदय! बगलेत बघ, बगलेत!"

ती हाक मैदानभर गेली. आणि माझा नवरा, त्याच्या जन्मात पहिल्यांदा मैदानात आईचा आवाज ऐकणारा माझा नवरा, थांबला आणि मागे वळून गॅलरीकडे बघू लागला. बॉल त्याच्या शेजारून गेला. गोल झाला.

"मागं काय बघायलाईस, भाड्या! बॉल बघ!" आत्ती उभ्या राहून ओरडल्या. पिंपळ तालमीकडची माणसंही हसून हसून लोटपोट झाली. मामांनी डोक्याला हात लावला, पण खांदे त्यांचेही हलत होते.

"कुणी खाल्ला गोल?" खालून आवाज.

"उदयनं!"

"का?"

"त्याची आई आलीया!"

"मग वैनी, खाली येऊन बसा माझ्याशेजारी," पैलवान म्हणाले, "हितनं आवाज जात न्हाई."

"तुम्हीच वर या की भावजी! माणूस मॅच बघायला येतंय का पायरी राखायला?"

पैलवान आले नाहीत. पण हाफटाइमनंतर आमच्या पोरांनी जोर धरला आणि आत्ती, ताराक्का आणि सगळ्या गल्लीचा आवाज एक झाला, तेव्हा त्यांचा धीर सुटला. बुरूज तालमीचा बरोबरीचा गोल झाला त्या क्षणी ते वाशांमधून अंग चोरत बाहेर निघाले होते, सगळ्या अंगाला धूळ. गोल त्यांनी पाहिला. मॅच बरोबरीत सुटली.

मग सगळी माणसं मैदानात उतरली. मामा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "गॅलरी पायजे त्यांनी हात वर करा." हात वर गेले. मग नको म्हणणाऱ्यांचे गेले. दोन्हीकडे इतके सारखे की मोजणाऱ्या दोघांचे दोन हिशोब आले आणि वाद पेटला. पैलवानांना एकदम सुचलं. "वैनी हाईत की! वैनींचा हात कुठाय? गच्ची त्यांचीच झाकली!"

"बायकांचं मत कवापासनं?" मामांच्या बाजूचा एकजण म्हणाला.

"गेटावर तिकीट फाडलंय न्हवं माझं?" आत्ती म्हणाल्या. "मग हात मोजा."

मोजणारे दोघं पुन्हा पुढे आले. मी आत्तींकडे पाहत होते आणि मनातल्या मनात पत्र्याचं छप्पर कोसळताना बघत होते. मामांचा चेहरा उतरला होता. त्यांना कळून चुकलं होतं, आणि मला त्यांचं थोडं वाईटही वाटलं.

"परत विचारा," आत्ती म्हणाल्या.

"गॅलरी पायजे त्यांनी..." मामांचा आवाज बारीक झाला होता.

आत्तींनी हात वर केला. पैलवान त्यांच्याकडे बघत राहिले. ताराक्कांनी एकदा आत्तींकडे पाहिलं, मग डोळे मोठे झाले आणि त्यांचाही हात वर गेला. मग त्यांच्या सुनांचे, मग गल्लीतल्या सगळ्यांचे.

"आत्ती!" मी त्यांचा पदर ओढला. "गच्ची जाईल ना!"

"जाऊ दे की," आत्ती म्हणाल्या. "ती हाय म्हणून तर सगळी म्हणत्यात, वरनं दिसतंय की. ती झाकल्याबिगर मला कोण खाली येऊ देणार हाय?"

मी हात वर करायचंच विसरले होते. घाईघाईने केला.

"पर एक हाय," आत्ती मामांना म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बायकांसाठी संडास-बाथरूम नकाशात न्हाई, हे शैलानं बघितलंय. ते त्यात घालून घ्यायचं. नायतर आमचं हात खाली."

मी ते बघितलं नव्हतं. पण रात्री नकाशा उघडला तर खरंच नव्हतं, आणि मी पेन्सिलीने काढून दिलं. ते आजही आहे, गॅलरीच्या उत्तर टोकाला. गॅलरी वर्षभराने झाली. पैलवानांनी आपली पायरी बैलगाडीतून घरी नेली आणि दारात बसवली.

पण मला त्या रविवारपेक्षा पुढचा रविवार जास्त आठवतो. मांडव उतरवला होता, कापडाच्या घड्या घालून तालमीत गेल्या होत्या. गच्ची पुन्हा मोकळी, मैदान लख्ख. आत्तींनी सकाळीच भडंग केलं होतं आणि पातेलं गच्चीच्या जिन्यावर ठेवलं होतं. मामा निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. चपलेत एक पाय.

"अगं ए."

"काय?"

"मॅच हाय."

"माहीत हाय की."

मामांनी टोपी काढून झटकली. "गेल्या रविवारी सुनंला म्हणालीस ते ऐकलं मी... म्हंजे तीस वर्षं तुला खाली यायचं होतं. मला एकदा तरी बोलायचं हुतं की गं."

"तुम्ही कधी चल म्हणाला न्हाईसा."

मी जिन्यापाशी पातेलं घेऊन उभी होते, वर जावं की खाली यावं कळेना. मामांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तरी ते हळूच म्हणाले.

"चल."

"आलो, थांबा," आत्ती म्हणाल्या आणि केस सारखे करायला आत वळल्या. आरशासमोर त्या बराच वेळ होत्या. मामा उन्हात थांबले. मग दोघं निघाले, सवयीप्रमाणे मामा पुढे आणि आत्ती चार पावलं मागे. गल्लीच्या कोपऱ्यावर मामा थांबले, त्या बरोबरीला येईपर्यंत.